चियापाचे बिशप बार्तोलोमे द लास कासास

इतिहासाच्या शालेय पुस्तकांत कोलंबसाच्या सफरीचें प्रकरण बहुधा असतेंच. त्या प्रकरणाच्या शेवटीं अमेरिकेचा शोध लागतो आणि पुस्तक दुसऱ्या विषयाकडे वळतें. ज्यांचा शोध लागला त्या लोकांचें पुढें काय झालें, हें विचारण्यास वर्गांत सहसा कोणी उभा राहत नाहीं. आज आम्ही ज्या पुरुषाचें चरित्र आमच्या बालवाचकांपुढें व त्यांच्या पालकांपुढें ठेवीत आहों, त्यानें आपल्या आयुष्याचीं पन्नासाहून अधिक वर्षें हाच एक प्रश्न राजापुढें, पंडितांपुढें आणि धर्मगुरूंपुढें मांडण्यांत घालविलीं. त्याचें नांव बार्तोलोमे द लास कासास.

याचा जन्म स्पेन देशांतील सेव्हिल शहरीं इ. स. १४८४ मध्यें झाला. बाप पेद्रो हा व्यापारी होता. १४९३ सालीं कोलंबस पहिल्या सफरीहून परत आला तेव्हां त्यानें बरोबर आणलेले सात मूळ रहिवासी व हिरवे-तांबडे पोपट पाहावयास सेव्हिलच्या रस्त्यांत गर्दी लोटली. त्या गर्दींत नऊ वर्षांचा बार्तोलोमेहि होता. त्याच वर्षीं त्याचा बाप कोलंबसाच्या दुसऱ्या सफरीबरोबर निघून गेला व कांहीं वर्षांनीं परततांना मुलाच्या सेवेसाठीं तिकडील एक तरुण घेऊन आला. आपल्या प्रजाजनांना असें वांटून देण्याचा अधिकार कोलंबसास कोणीं दिला म्हणून राणी इझाबेला रागावली, आणि १५०० सालीं अशा सर्व लोकांना परत पाठविण्याचा हुकूम सुटला. आपला सोबती जहाजावर चढून गेला तेव्हां सोळा वर्षांच्या बार्तोलोमेस काय वाटलें असेल ! इतिहास त्याविषयीं मुका आहे.

येथें एक खुलासा केलेला बरा. आपण हिंदुस्थानास पोंचलों अशी कोलंबसाची समजूत झाली होती, म्हणून तेथील लोकांना त्यानें इंडियन हें नांव दिलें. आपल्या देशाचें नांव असें भलत्याच लोकांस चिकटलें आणि शतकानुशतकें चिकटून राहिलें. या लेखांत आम्ही त्यांना मूळ रहिवासी असेंच म्हणणार आहों.

१५०२ सालीं निकोलास द ओव्हान्दो या नव्या गव्हर्नराच्या आरमाराबरोबर बार्तोलोमे स्वतः हिस्पान्योला बेटावर गेला. (या बेटावर हल्लीं हैती व दोमिनिकन प्रजासत्ताक हीं दोन राज्यें आहेत.) इतर तरुण ज्या हेतूनें जात त्याच हेतूनें तोहि गेला होता, म्हणजे जमीन व सोनें. तेथें एन्कोमिएंदा नांवाची पद्धत होती. स्पॅनिश वसाहतवाल्यास सरकार ठराविक संख्येचे मूळ रहिवासी नेमून देई. त्यांनीं त्याच्या शेतांत व खाणींत राबावें, आणि त्यानें त्यांस धर्मशिक्षण द्यावें, असा करार. करारांतील पहिला भाग अक्षरशः पाळला जाई. दुसऱ्याची आठवण कोणास होत नसे. आमच्याकडील वेठबिगार ज्या वृद्धांनीं पाहिली असेल त्यांना या पद्धतीचें स्वरूप चटकन् कळेल. मात्र येथें वेठ संपून घरीं जावयाची सोय नव्हती. उपासमार, अतिश्रम, आणि युरोपांतून आलेले रोग यांनीं बेटावरील वस्ती इतकी खालावली कीं, १५१४ च्या मोजणींत सुमारे २६ हजार माणसेंच उरलेलीं आढळलीं.

बार्तोलोमे पुढें धर्मगुरु झाला. १५१० सालीं त्यानें त्या बेटावर आपला पहिला मिस्सा अर्पण केला. परंतु धर्मगुरु झाल्यावरहि त्याचे मजूर, त्याचें शेत आणि त्याची खाण हीं सुटलीं नव्हतीं. तो मजुरांशीं दयेनें वागे, पण ठेवी ! आणि त्यांत कांहीं वावगें आहे असें त्याला वाटत नसे, कारण तें कोणालाच वाटत नव्हतें.

कोणालाच म्हणणें मात्र बरोबर नाहीं. १५१० सालीं दोमिनिकन संघाचे कांहीं संन्यासी त्या बेटावर आले होते. वर्षभर त्यांनीं डोळे उघडे ठेवून पाहिलें. १५११ च्या आगमनकाळाच्या चौथ्या रविवारीं त्यांच्यापैकीं अंतोनियो द मोंतेसिनोस हे सान्तो दोमिंगो येथील देवळांत व्यासपीठावर उभे राहिले. खुद्द कोलंबसाचा मुलगा दिएगो, जो त्या वेळीं गव्हर्नर होता, आणि सर्व बडे लोक समोर बसले होते. हे लोक माणसें नाहींत काय, यांना आत्मा नाहीं काय, कोणत्या न्यायानें तुम्ही यांना असें राबवितां, अशा अर्थाचे प्रश्न त्यांनीं श्रोत्यांस एकामागून एक केले. मंडळी संतापली. पुढील रविवारीं शब्द परत घ्यावे अशी मागणी झाली. पुढील रविवारीं देऊळ गच्च भरलें, आणि मोंतेसिनोस यांनीं तेंच अधिक कडक भाषेंत सांगितलें.

बार्तोलोमेवर याचा काय परिणाम झाला ? लगेच कांहींच नाहीं. एका दोमिनिकन गुरूनें त्याच्यापाशीं मूळ रहिवासी आहेत म्हणून त्याला पापक्षमा देण्याचें नाकारलें, तेव्हां तो त्याच्याशीं वाद घालून निघून आला. आम्हांला हा भाग चरित्राचा फार महत्त्वाचा वाटतो. थोर पुरुषांचीं मनें एका व्याख्यानानें पालटतात असें आपण गोष्टींतून वाचतों; याच्या मनाला जवळजवळ तीन वर्षें लागलीं.

मधल्या काळांत तो सैन्याबरोबर क्युबा बेटावर गेला. काओनाओ या गांवीं त्यानें पाहिलेली हकीकत त्यानेंच लिहून ठेविली आहे. सकाळीं स्पॅनिश शिपायांनीं एका कोरड्या ओढ्यांतील दगडांवर आपल्या तरवारींना धार लाविली. संध्याकाळीं गांवांत पोंचल्यावर लोक चौकांत बसून कुतूहलानें त्यांचे घोडे पाहत होते. कोणीं एकानें अकस्मात् तरवार उपसली, आणि मग सर्वांनींच. कारण विचाराल तर कारण नव्हतें. बार्तोलोमे ओरडत इकडून तिकडे धांवला, परंतु फारच थोड्यांना वांचवूं शकला. असें असूनहि या मोहिमेचें बक्षीस म्हणून मिळालेले मजूर व जमीन त्यानें घेतलीच, व पेद्रो द रेन्तेरिया या सज्जन मित्राच्या भागीदारींत शेती सुरू केली.

१५१४ च्या पन्नासाव्या दिवसाच्या सणासाठीं तो प्रवचन तयार करीत होता. शोधतां शोधतां त्याची दृष्टि सिराखच्या पुस्तकाच्या चौतिसाव्या अध्यायावर पडली. (हें पुस्तक कॅथॉलिक शास्त्रांत आहे, आमच्यांतील प्रॉटेस्टंट घरांतल्या मराठी बायबलांत तें सांपडणार नाहीं.) अन्यायानें मिळविलेल्या संपत्तींतून केलेलें अर्पण देवाला मान्य होत नाहीं, आणि मजुराची भाकर हिरावणें हें त्याचा जीव घेण्यासारखें आहे, असा तेथें आशय आहे. तीन वर्षांपूर्वीं ऐकलेलें प्रवचन त्याला आतां ऐकूं आलें. कित्येक दिवस विचार करून तो गव्हर्नराकडे गेला व आपले मजूर सोडीत असल्याचें त्यानें सांगितलें. गव्हर्नराचा विश्वास बसेना. चांगली मिळकत कोणी सोडतो काय? मग १५ ऑगस्ट रोजीं त्यानें तें व्यासपीठावरून सर्वांस जाहीर केलें व श्रोत्यांनाहि तसेंच करावयास सांगितलें. त्या वेळीं तो तीस वर्षांचा होता.

येथून पुढें आम्ही त्यांचा उल्लेख आदरार्थीं करूं.

१५१५ सालीं मोंतेसिनोस यांच्याबरोबर ते स्पेनला गेले. राजा फर्डिनंड मरणोन्मुख होता. भेट झाली, पण जानेवारी १५१६ मध्यें राजा वारला. वसाहतींचा कारभार पाहणारे बिशप फोन्सेका यांना त्यांनीं तीन महिन्यांत सात हजार बालकें मेल्याचें सांगितलें, तेव्हां त्याचें मला काय आणि राजाला काय, असा उलट प्रश्न त्यांना ऐकावा लागला. बिशपांच्या स्वतःच्या नांवेंहि वसाहतींत मजूर होते, हें येथें सांगणें जरूर आहे. कार्डिनल सिस्नेरोस यांनीं मात्र लक्ष घातलें व १५१६ सालीं लास कासास यांना मूळ रहिवाशांचा संरक्षक असा हुद्दा दिला.

आतां आम्हांस एक अप्रिय गोष्ट सांगितली पाहिजे. याच वर्षीं दिलेल्या एका अर्जांत लास कासास यांनीं सुचविलें कीं, खाणींतून मूळ रहिवाशांस सोडवावयाचें तर त्यांच्या जागीं गुलाम, त्यांत आफ्रिकेंतील काळे गुलामहि, आणण्याची परवानगी वसाहतवाल्यांस द्यावी. आफ्रिकी गुलाम त्यांच्या आधींच वसाहतींत येऊं लागले होते, हें खरें; तो व्यापार त्यांनीं सुरू केला हा आरोप खोटा आहे. तथापि १५१८ सालीं राजानें ४ हजार आफ्रिकनांस नेण्याचा परवाना दिला, त्यांत त्यांच्या सल्ल्याचा वांटा होता. एका जातीच्या माणसांच्या मानेवरील जोखड काढण्यासाठीं त्यांनीं तें दुसऱ्या जातीच्या मानेवर ठेवूं दिलें. युद्धांत न्यायानें पकडलेल्यांस गुलाम करतां येतें, असें त्या काळीं सर्वजण मानीत आणि आफ्रिकन लोक तसेच पकडलेले असतील, असें त्यांनीं गृहीत धरलें. पुष्कळ वर्षांनीं पोर्तुगीज बखरी वाचल्यावर त्यांस कळलें कीं, तीं माणसेंहि निव्वळ जुलमानें पळविलेलीं होतीं. तेव्हां आपल्या इतिहासग्रंथांत त्यांनीं स्वतःविरुद्ध लिहिलें कीं, आपला सल्ला चुकीचा होता, आणि आपलें अज्ञान देवापुढें सबब म्हणून चालेल कीं नाहीं याची आपणांस खात्री नाहीं. चरित्रकारांपैकीं कांहीं हा प्रसंग गाळतात. स्वतः चरित्रनायकानें जें गाळलें नाहीं तें आम्ही कां गाळावें ?

व्हेनेझुएलाच्या किनाऱ्यावर शेतकऱ्यांची शांततामय वसाहत करण्याचा त्यांचा बेत १५२२ सालीं पूर्णपणें फसला. खिन्न होऊन ते दोमिनिकन संघांत शिरले व बरींच वर्षें मठांत अभ्यास करीत राहिले. त्यांच्या पुढील सर्व कार्याचा पाया या अभ्यासांत आहे, म्हणून विद्यार्थ्यांनीं येथें थोडा धीर धरावा.

त्याच संघांत तेराव्या शतकांत संत थॉमस अक्वायनस होऊन गेले होते. त्यांची शिकवण अशी कीं, राजा जो करितो तो मानवी कायदा. पण त्याच्याहि वर एक नैसर्गिक कायदा आहे. तो कोणत्याहि कचेरींत लिहिलेला नसून मनुष्याच्या विवेकबुद्धींत ईश्वरानें घातलेला आहे. चांगलें करावें, वाईट टाळावें, निरपराध्यास मारूं नये, दुसऱ्याचें हिरावूं नये, हें कळण्यास मनुष्य अमुक एका देशाचा किंवा धर्माचा असावा लागत नाहीं. मानवी कायदा याच्या विरुद्ध गेला तर तो कायदा राहत नाहीं, जबरदस्ती होते. राज्य करणें, मालमत्ता बाळगणें हेंहि या नैसर्गिक व्यवस्थेंतून निघतें. म्हणून जो ख्रिस्ती नाहीं त्याचें राज्य केवळ तेवढ्या कारणानें बेकायदेशीर ठरत नाहीं. १५३९ सालीं सालामांका विद्यापीठांत फ्रान्सिस्को द व्हितोरिया या प्राध्यापकांनींहि याच तत्त्वावरून मूळ रहिवासी हे आपल्या भूमीचे खरे धनी होते असें प्रतिपादिलें. व्हितोरिया यांनीं अमेरिका कधीं पाहिली नव्हती. लास कासास यांनीं ती पाहिली होती, एवढाच दोघांत फरक, पण तो लहान नव्हे.

याच सुमारास त्यांनीं एक ग्रंथ लिहून दाखविलें कीं, सर्व लोकांना धर्माकडे आणण्याचा मार्ग एकच: बुद्धीला पटवून देणें व इच्छेला प्रेमानें वळविणें. लोक हंसले, तर मग करून दाखवा म्हणाले. ग्वाटेमालाच्या उत्तरेस तुझुलुत्लान नांवाचा मुलूख होता. स्पॅनिश शिपाई तेथें शिरूं शकले नव्हते, म्हणून त्यास युद्धभूमि म्हणत. १५३७ सालीं गव्हर्नराकडून, येथें पांच वर्षें कोणी स्पॅनिश वसाहतवाला पाऊल ठेवणार नाहीं, असा लेखी करार घेऊन हे संन्यासी निःशस्त्र तेथें गेले. त्यांनीं आधीं कांहीं फिरत्या व्यापाऱ्यांना तेथल्याच भाषेंतील धार्मिक गाणीं शिकवून पाठविलें, अशी कथा मागाहून प्रचलित झाली. कांहीं असो, मुलूख शांततेनें वश झाला, आणि युद्धभूमीचें नांव बदलून व्हेरापाझ, म्हणजे खरी शांति, असें पडलें. ग्वाटेमालांत तें नांव आजहि चालू आहे.

१५४२ च्या नोव्हेंबरांत बादशहा पांचवा चार्ल्स यानें नवे कायदे जाहीर केले. मूळ रहिवाशांस गुलाम करण्याची बंदी झाली, व मजूर बाळगणारा मेला म्हणजे त्याचे मजूर वारसाकडे न जातां राजाकडे जावे असें ठरलें. लास कासास यांच्या खटपटीचा हा कळस होता. १५४४ सालीं चियापाचे बिशप म्हणून त्यांचा अभिषेक झाला. तेथें जातांच त्यांनीं नियम घातला कीं, जो गुलाम सोडणार नाहीं त्याला पापक्षमा मिळणार नाहीं. गांवांत दंगा उसळला. ज्यांचा हा बिशप तेच लोक त्याच्या अंगावर धांवून आले. तिकडे पेरूंत बंड झालें. १५४५ सालीं बादशहानें घाबरून वारसासंबंधींचें कलम रद्द केलें. १५४७ सालीं बिशप स्पेनला परतले ते कायमचेच.

यापुढची हकीकत म्हणजे व्हायादोलिद येथील वाद. ख्वान जिनेस द सेपुलव्हेदा हा त्या काळचा नामांकित पंडित, अॅरिस्टॉटलचा भाषांतरकार. कांहीं लोक निसर्गतःच गुलाम असतात, हें अॅरिस्टॉटलचें मत घेऊन त्यानें असा ग्रंथ रचिला कीं, मूळ रहिवाशांवर युद्ध करणें न्याय्यच आहे: ते रानटी आहेत, ते नरबलि देतात, निरपराध्यांना त्यांच्या हातून वांचविलें पाहिजे, आणि जिंकल्यावर धर्मोपदेश सोपा होतो. १५५० सालीं बादशहानें नव्या मोहिमा थांबविल्या आणि दोघांस पंडितसभेपुढें बोलाविलें. आपल्या विजयी सैन्याला मध्येंच थांबवून, आपण करतों तें न्यायाचें आहे काय, असें विचारणारे राजे जगांत फार झाले नाहींत. चार्ल्सला हें श्रेय दिलेंच पाहिजे. सेपुलव्हेदा कांहीं तास बोलला. लास कासास यांनीं आपलें लॅटिन हस्तलिखित पांच दिवस वाचलें ! सभासदांची दया येते.

पण त्या पांच दिवसांत एक मुद्दा असा आहे कीं, तो वाचून आम्ही पुष्कळ वेळ थांबलों. नरबलि हें नैसर्गिक कायद्याविरुद्ध घोर कृत्य आहे, हें त्यांना मान्यच होतें. परंतु ते म्हणाले, त्या लोकांच्या बाजूनें पाहा. ईश्वराला आपल्यापाशीं जें सर्वांत मोलाचें तें द्यावें, हें त्यांच्या बुद्धीनें ओळखलें. तें काय, हें ओळखण्यांत ती चुकली. त्यांचे पूर्वज, पुरोहित, कायदे करणारे, शेजारचीं राष्ट्रें या सर्वांचें एकमत त्या चुकीच्या पाठीशीं उभें आहे. असें असतां परका शिपाई हातांत तरवार घेऊन येतो व म्हणतो, तुमचें सर्व खोटें. तर त्यावर त्यांनीं एका दिवसांत विश्वास कां ठेवावा? तो दाखविण्यास वेळ, शिकवण आणि सद्वर्तनाचें उदाहरण पाहिजे. हें बोलणारा मनुष्य सर्वांचें एकमत म्हणजे काय हें चांगलें जाणत होता. तीस वर्षांचा होईपर्यंत सान्तो दोमिंगोच्या व क्युबाच्या एकमतांत तोहि सुखानें राहिला होता, आणि तेथें तर शास्त्र हाताशीं होतें.

सभेनें निकाल दिला नाहीं. दोघांनींहि आपणच जिंकलों असें सांगितलें.

म्हातारपणीं लास कासास यांचे विचार थांबले नाहींत, उलट अधिक धीट झाले. जें सर्वांना लागू होतें त्यास सर्वांची संमति हवी, असें रोमन कायद्यांतील एक जुनें सूत्र आहे. तें घेऊन त्यांनीं लिहिलें कीं, पोपनें १४९३ सालीं स्पेनच्या राजास दिलेला अधिकार हा केवळ धर्मोपदेशाचा. त्या लोकांवर खरें राज्य चालवावयाचें तर त्यांची स्वतःची, स्वखुषीची संमति पाहिजे, आणि ती भयानें किंवा कपटानें घेतलेली चालणार नाहीं. ती संमति कोणीं विचारलीच नव्हती ! तात्पर्य, पेरूंत घेतलेलें सोनें परत केलें पाहिजे व राज्यहि त्यांच्या हक्काच्या राजांकडे गेलें पाहिजे. हें सर्व स्पेनच्या राजधानींत राहून स्पेनच्या राजाला लिहावयाचें ! नैसर्गिक कायदा एकट्याची विवेकबुद्धि जागी करितो, आणि लोकसंमति राज्याला हक्क देते. या दोहोंपैकीं एक सोडून दुसरें त्यांनीं कधीं धरलें नाहीं.

पेरूंतील मजूरमालकांनीं आपला हक्क वंशपरंपरा व्हावा म्हणून फिलिप राजास मोठी रक्कम देऊं केली. राजा कर्जांत बुडालेला होता. तेव्हां १५६० सालीं लास कासास व त्यांचे एक संघबंधु यांनीं तेथील मूळ सरदारांच्या वतीनें राजास कळविलें कीं, ते जें देतील त्याहून एक लाख डुकाट आम्ही अधिक देऊं, आम्हांला विकूं नका. न्यायानें ऐकत नाहीं तर भावानें ऐक, असाच याचा अर्थ नव्हे काय ?

त्यांच्या लिखाणांत दोष नाहींत असें नाहीं. १५५२ सालीं छापलेल्या, वसाहतींच्या विध्वंसाविषयींच्या लहान पुस्तकांतील मृतांचे आंकडे फुगविलेले आहेत, आणि रोगानें किती मेले हें त्यांनीं नीट धरलें नाहीं. त्या पुस्तकाचीं डच, फ्रेंच व इंग्रजी भाषांतरें करून स्पेनच्या शत्रूंनीं तें स्पेनला बदनाम करण्यास वापरलें. त्या शत्रूंनीं स्वतः पुढें काय केलें तें सर्वांस ठाऊक आहे. विरोधकांशीं बोलतांना त्यांची जीभ फार तिखट होई, व घरचे लोकहि कधीं कधीं कंटाळत.

१८ जुलै १५६६ रोजीं माद्रिद येथील आतोचाच्या मठांत ते वारले. मरणापूर्वीं कांहीं वर्षें, १५५९ सालीं, आपला मोठा इतिहासग्रंथ त्यांनीं व्हायादोलिदच्या मठाच्या स्वाधीन केला होता, व चाळीस वर्षें तो छापूं नये अशी अट घातली होती. चाळीस वर्षें लोटलीं. कोणी छापला नाहीं. स्पेनमध्यें तो प्रथम छापून निघाला तो १८७५ सालीं, म्हणजे त्यांच्या मृत्यूनंतर तीनशें नऊ वर्षांनीं.